ताणून वाळवलेली शाल

काम वाईट झालं म्हणून बोलणी खाल्लेल्या बायका मला पुष्कळ भेटल्या. काम चांगलं झालं म्हणून खोटी ठरलेली मी एकटीच. आता नातवंडं झाली, तरी त्या दिवसाची आठवण निघाली की माझं डोकं तापतं.

संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. वडील आधी जव्हारला दरबारच्या कचेरीत कारकून होते. विलीनीकरणानंतर ते सरकारी नोकर झाले आणि आम्ही मोखाड्याला आलो. जव्हारला असताना आई राजवाड्यात शिवणटिपणाला जायची, तिथे ती लोकरीचं विणकामही शिकली होती. मी सातवीची फायनल पास झाले आणि मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी अर्ज केला. माझ्या पाठीवर तीन बहिणी. ट्रेनिंगला जागा मिळाली तर नोकरी, नाही तर त्याच वर्षी लग्न, असं घरात ठरलेलंच होतं. स्थळसुद्धा बघून ठेवलं होतं. निवडीच्या दिवशी जव्हारला हस्तकामाचा एक नमुना घेऊन जायचा होता.

मी पांढऱ्या लोकरीची, पानांच्या नक्षीची जाळीची शाल विणायला घेतली. दोन महिने डोळे फोडले. सुयांवरून उतरवली तर हातात शाल नव्हतीच, चुलीपाशी टाकलेलं पोतेरं होतं. सगळी आखडलेली, भोकं मिटलेली. मला रडू फुटलं.

"रडतेस कशाला?" आई म्हणाली. "अजून ती पाण्यात तरी पडलीये का?"

पुढचं सगळं आईने केलं. कोमट पाण्यात रिठा घालून शाल भिजवली. पिळायला मी हात पुढे केला तर हातावर चापट मारली. पंच्यात गुंडाळून, दाबून दाबून पाणी काढलं. मग बाजेवर गोधडी आणि चादर घालून तिच्यावर शाल ताणायला घेतली. ओल्या लोकरीत टाचण्या गंजतात आणि डाग पडतात, म्हणून आई करवंदीचे काटे वापरायची. मोळी विकायला येणारी पोशेरा गावची बाई ते आणून द्यायची आणि तोंडावर पदर धरून हसायची. बाजेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा बांधून, त्याच्या रेषेत, बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर एकेक काटा. एक जरी आत गेला तरी सगळी बाजू काढून पुन्हा. दोन दिवस शाल पडवीत सावलीला वाळली आणि दोन दिवस आई कोंबड्या हाकत तिथेच तांदूळ निवडत बसली. काटे काढले तेव्हा जाळीतलं पान न् पान उघडलं होतं. मला तर हात लावायचीही भीती वाटली.

ठाण्याहून आलेल्या परीक्षक बाईंनी शाल उलटीसुलटी करून पाहिली.

"कुठल्या दुकानातली?"

"मी विणलीय."

"मोखाड्यात?" त्या शेजारच्या बाईंकडे बघून हसल्या. "हे बघ मुली, हाताचं काम कुठे तरी वाकडं असतंच."

टेबलावर दुसऱ्या मुलींचे मफलर पडले होते, कडा मुडपलेले, मधेच रुंद मधेच अरुंद. ते सगळे पास! कारण ते वाईट होते! माझ्या जिभेवर आलं होतं की ही आईने ताणून वाळवलीय. पण तसं सांगितलं असतं तर काम माझं एकटीचं नाही म्हणून मी बाद. मी दात-ओठ खात उभी राहिले.

"सुया आणल्यास? मग माझ्यासमोर दहा ओळी उसव आणि पुन्हा विण."

मी उसवलं. उसवलेली लोकर नागमोडी होते, पाण्यातून काढल्याशिवाय तिचे टाके नीट बसत नाहीत. मी सगळं कसब पणाला लावलं, तरी तेवढी एक बाजू चुरगळून गोळा झाली. बाईंनी तिच्यावरून हात फिरवला आणि त्यांचं समाधान झालं.

"आता कशी हाताची वाटते!" असं म्हणून त्यांनी माझं नाव यादीत लिहिलं.

जागा मिळाली होती. आनंद व्हायला हवा होता. मोखाड्याची मोटार येईपर्यंत मी मनातल्या मनात त्या बाईंशी भांडत होते आणि दर वेळी जिंकत होते.

घरी आईने आधी हातावर साखर ठेवली आणि मग शालीची घडी उलगडली. ती बाजू तिला लगेच दिसली. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता आई भडकेल, त्या बाईंचा उद्धार करेल. साध्या उशीच्या अभ्र्याची शिवण जरा तिरकी गेली तरी उसवायला लावणारी माझी आई! ती बराच वेळ त्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग ती बाजू आत घालून तिने घडी केली.

"पुढच्या वेळी," ती म्हणाली, "एक कड आधीच वाकडी ठेव."

मला खोटी म्हटल्याबद्दल त्या बाईंना मी केव्हाच माफ केलं असतं. आईच्या तोंडून हे वाक्य काढल्याबद्दल मात्र नाही.