आप्पा वघईच्या गाडीत गप्प झाले

माझ्या वडिलांना ऐकू येत नाही. त्यात नवल काही नाही. सुरतेत, डिंडोलीला, आमच्या गल्लीतला साठीपुढचा कुठलाही पुरुष घ्या, त्याचं तेच. जन्म लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात गेला की कान तिथेच राहतात. आप्पा खानदेशातून सुरतेला आले तेव्हा विशीत होते, कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा केस पांढरे झाले होते. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते ओरडून बोलायचे. साधं मीठ मागितलं तरी शेजारीण दारात यायची. आणि बोलायचे तरी किती! मी बँकेत लागल्यापासून घरात पुस्तकी मराठी आली, माझी मुलगी तर भांडतेसुद्धा गुजरातीत, पण आप्पांनी अहिराणी सोडली नाही.

हे सगळं मी 'बोलायचे' असं लिहिते आहे, आणि आप्पा आत्ता पलीकडच्या खोलीत बसले आहेत.

गाडीची कल्पना माझी. बिलिमोऱ्याहून वघईला अरुंद रुळांवरून एक जुनी छोटी गाडी जाते. पूर्वी डांगातली माणसं तिच्यातून टोपल्या घेऊन बाजाराला जायची. आता तिला वारसा म्हणतात आणि पर्यटकांसाठी एक थंडगार डबा जोडतात. मोठमोठ्या काचा, मऊ खुर्च्या, बाहेर सागाचं जंगल. बँकेतल्या सगळ्यांचे त्या डब्यातले फोटो येऊन गेले होते. मलाही वाटलं, आप्पांना न्यावं. खोटं कशाला बोलू, आप्पांना नेल्याचे फोटो आपणही टाकावेत, असंही वाटलं.

डब्यात बहुतेक सुरतेचीच कुटुंबं होती, खाऊच्या डब्यांसकट, पण आमच्या भागातली नव्हेत. आप्पांना मी नवा सदरा घातला होता. ते खिडकीशी बसले आणि गाडी हलल्याबरोबर सुरू झाले.

"देख, देख! साग शे हाऊ! साग!"

सगळा डबा वळला. काहीजण हसले, वाईट नाही, कौतुकानेच. मीही हसले. पण आप्पा थांबेनात. बैल दिसला, ओरडले. नदी आली, ओरडले. थंड बंद डब्यात तो आवाज काचांवर आपटून परत यायचा. पुढच्या खुर्चीवर एक जोडपं होतं. त्यातला नवरा फोन धरून चाकांचा खडखडाट टिपत होता. जुन्या गाडीचा अस्सल आवाज हवा होता त्याला. दोनदा त्याने फोन खाली घेतला, मागे पाहिलं, पुन्हा धरला. तिसऱ्यांदा त्याची बायको अगदी गोड आवाजात मला म्हणाली, "बेन, काकाने जरा धीमे बोलवा कहो ने." काकांना जरा हळू बोलायला सांगा ना.

तिची काही चूक नव्हती. माझे मात्र कान तापले. मी आप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवला. ते माझ्याकडे वळले, आणि त्यांचा चेहरा असा उजळलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"तुनी माय बठेल शे ह्या गाडीम्हा," ते म्हणाले. म्हणजे तुझी आई पूर्वी बसलेली आहे या गाडीत. "उनईले लई गयथू मी तिले. तठे तुनी माय काय बोलनी, तुले सांगस..."

माझी आई मी सहा वर्षांची असताना गेली. तिचा एक फोटोही आमच्याकडे नाही. ती कधी सुरतेबाहेर फिरायला गेली होती, उनईच्या गरम पाण्याच्या कुंडांवर गेली होती, हे मी पहिल्यांदा ऐकत होते. आणि तेही चाळीस माणसांबरोबर ऐकत होते. पुढचा माणूस फोन धरून हताशपणे मान हलवत होता. मी मनात म्हटलं, घरी सांगतील की.

कारखान्यात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जात नाही, म्हणून तिथे सगळं हातांनी चालतं. धागा तुटला, चहा आला, मालक आला, प्रत्येकाची खूण ठरलेली. लहानपणी आप्पांचा डबा पोचवता पोचवता मी त्या सगळ्या शिकले होते. दोन्ही मनगटं छातीसमोर एकमेकांवर आडवी मारायची, म्हणजे लूम बंद. ही खूण देखरेख करणारा मास्तर करतो, कारागिराला. पोरीने बापाला करायची ती खूण नव्हे.

मी ती केली. दोनदा केली, कारण पहिल्यांदा त्यांना खरंच वाटलं नाही.

आप्पांचं तोंड उघडंच राहिलं. मग मिटलं. हाताखालचा कारागीर मास्तरापुढे होकाराची मान डोलावतो तशी त्यांनी मान डोलावली आणि खिडकीकडे वळले. डबा शांत झाला. त्या बाईने वळून मला 'थँक्यू' म्हटलं. उनईला गाडी थांबली तेव्हा मी त्यांच्या कानाशी ओरडले, "आप्पा, आई काय म्हणाली होती?" त्यांनी बाहेर फलाटाकडे पाहिलं आणि नकाराची मान हलवली. वघईला मी त्यांचे फोटो काढले. एकातही ते माझ्याकडे बघत नाहीत.

तेव्हापासून ते घरात बोलत नाहीत. जेवायला बसतात, वाढलेलं खातात, मीठ कमी असलं तरी खातात. मला वाटलं रुसलेत, उतरेल राग. राग असता तर बरं झालं असतं. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले घसा ठणठणीत आहे. मी आप्पांच्या पाया पडले. पुन्हा विचारलं, आई काय म्हणाली होती? एकदाच उत्तर मिळालं, तेही इतक्या हळू आवाजात की मला ओठांवरूनच ओळखावं लागलं. "इसरी गऊ." विसरून गेलो. बूँद से गई वो हौद से नहीं आती, हे मी उगीचच दुसऱ्यांना ऐकवत आले.

मागच्या महिन्यात बँकेतून येत होते. चौकातल्या चहाच्या टपरीशी म्हातारे कारागीर संध्याकाळी बसतात. कोपऱ्यावरच मला आप्पांचा आवाज ऐकू आला. तोच, पूर्वीचा, गल्ली दणाणून सोडणारा. माझे पाय थांबले. ते काहीतरी रंगवून सांगत होते आणि सगळे म्हातारे हसत होते. शब्द कळेनात, एकच कळला, उनई. मी धावलेच. दहा पावलांवर असताना त्यांनी मला पाहिलं, आणि वाक्य तिथेच तोडलं. शेजारी पेला ठेवला, उठले, चप्पल घातली आणि आज्ञाधारकपणे माझ्यापुढे उभे राहिले. घरी जायला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांतल्या एका म्हाताऱ्याला गाठलं. ओरडून विचारलं, काय सांगत होते काल, माझ्या आईचं? त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुना बापलेच इचार ना, पोरी," तो म्हणाला.

टपरीवर मी आता जात नाही. बँकेतून सुटले की मागच्या रस्त्याने घरी येते. तो लांब पडतो, पण त्या रस्त्याने आले की आप्पांना मी दिसत नाही, आणि त्यांना मधेच थांबावं लागत नाही.