आधी तिचं सांग

मंदाबाईंना राग यायला फारसं निमित्त लागत नसे. जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरमधून त्या सकाळच्या बसने शहापूरपलीकडच्या एका गावात शिकवायला येत. बसमध्ये उभं राहावं लागलं की पहिला तास चौथीचा वर्ग चिडीचूप असे. पण एकोणऐंशीच्या पावसाळ्यात त्या ज्या भडकल्या, ते पाच दिवस विझल्याच नाहीत.

उन्हाळ्यात भंडाऱ्याला मास्तरांचं शिबिर झालं होतं. तिथे एक खेळ शिकवला. मुलांनी पाच-पाचांच्या गोलात बसायचं. एकाने बोलायचं. दुसऱ्याने आपलं सांगण्याआधी पहिल्याचं म्हणणं जसंच्या तसं सांगायचं. पहिल्याने मान हलवली, तरच पुढे. बाकीचे मास्तर चहा-चिवडा खाऊन घरी गेले. मंदाबाईंनी मात्र जूनमध्येच बसायच्या टाटपट्ट्या गोल घातल्या. तलावावर कोणी कोणाला ढकललं इथपासून सुरुवात झाली. आयुष्यभर 'चूप बस' एवढंच ऐकलेल्या पोरी महिन्याभरात मान वर करून म्हणू लागल्या, "नाही, मी असं नाही म्हटलं. पुन्हा सांग."

मग मंदाबाईंनी एक चूक केली. खेळ घरचा अभ्यास म्हणून दिला. जेवताना करून बघा, म्हणाल्या.

मारोतरावांची रुखमा आज्ञाधारक होती. संध्याकाळी बाप जेवत होता, आई कुंताबाई वाढत होती. धानाचे पऱ्हे पिवळे पडून राहिले, आता रोपं उपटून चिखलात रोवणा लावा, असं आई म्हणाली. बाप बैलाच्या खुराबद्दल बोलू लागला. तशी रुखमा म्हणाली, "बाबा, आधी आईनं काय म्हटलं ते सांगा. मंग आपलं बोला."

मारोतराव अर्ध्या जेवणातून उठले. दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन त्यांनी हेडमास्तर श्यामराव गुरुजींना सांगितलं, गोल मोडल्याशिवाय पोरगी शाळेत येणार नाही. मंदाबाई तिथेच उभ्या होत्या. दोघांपैकी कोणीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. उद्यापासून रांगा, असं गुरुजींनी परस्पर ठरवून टाकलं.

चार दिवस मंदाबाई गुरुजींशी भांडल्या. हजेरी घेताना भांडल्या, मधल्या सुट्टीत भांडल्या, आणि रांगा काही केल्या लावल्या नाहीत. घरी नवऱ्याला, तुलारामांना, सगळं सांगायला बसल्या, तर ते म्हणाले, आज भाजीत मीठ कमी आहे. त्यांनी मिठाचा डबाच पुढ्यात आदळला.

पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या तरातरा मारोतरावांच्या शेतावर, धानाच्या बांधीवर गेल्या. त्याला चार शब्द सुनवायचेच होते. तो नव्हता. कुंताबाई एकटीच चिखलात वाकून पऱ्हे उपटत होती. तिच्या दंडावर काळानिळा वळ होता.

"तुमी शिकवून मोकळ्या झाल्या बाई," ती मान वर न करता म्हणाली. "पोरीनं धडा म्हटला. मार मले पडला."

मंदाबाईंच्या ओठांवर उत्तर तयार होतं. मारणाऱ्याला बोला, मला काय बोलता. त्यांनी ते गिळलं. मग अवघडून म्हणाल्या, "मी शिकवलं, पोरगी बोलली, आणि मार तुम्ही खाल्ला."

"एक रायलं," कुंताबाई म्हणाली आणि कंबर धरून सरळ झाली. "गावभर माहीत होतं. तुमालेही माहीत होतं. चार दिवस तुमी हेडमास्तरसंग भांडून राहिल्या. माह्याकडे कोणी आलं नाही."

खरं होतं. कुंताबाईला मार पडल्याचं दुसऱ्याच दिवशी वर्गातल्या पोरींनी सांगितलं होतं. मंदाबाईंना वाटलं होतं की आपण कुंताबाईसाठीच भांडतो आहोत. त्यांचे कान तापले. त्यांनी मान खाली घातली आणि तेही वाक्य शब्द न गाळता म्हटलं. कुंताबाईने जुडी बांधून बाजूला टाकली.

"मार तर पडूनच गेला," ती म्हणाली. "आता पोरगी घरी बसवून तो फुकट कायले घालवू? रोवण्याच्या बाया मी जमवतो, पोरीचा बाप नाही. सांगून देल्लं त्याले, सोमवारी पोरगी शाळेत गेली, तर बाया बांधीत उतरतीन. नाही तं पऱ्हे पिवळे होऊ दे."

सोमवारी रुखमा आली. तिकडे बांधीत बारा बाया उतरल्या. मंदाबाई गोलात बसल्या होत्या, तेवढ्यात गुरुजी दारात आले. रांगांचं ठरलं होतं ना, त्यांनी विचारलं.

"तुमचं ठरलं होतं," मंदाबाई म्हणाल्या आणि जागच्या उठल्या नाहीत.

गुरुजींनी वर्षाअखेर मंदाबाईंच्या अहवालात 'उद्धट' असा शेरा लिहिला. दोन वर्षांनी बाईंची तुमसरच्याही पुढे बदली झाली. तिथे पहिल्या महिन्यात मंदाबाईंनी टाटपट्टी गोल घातलीच नाही. रोज शाळा सुटल्यावर त्या एकेका पोरीच्या घरी जात, आईसमोर चुलीपाशी बसत आणि ऐकत. घरी परतताना मात्र बसमध्ये शेजारी बसायला कोणी धजत नसे, इतका त्यांचा चेहरा तापलेला असे.