चाळीस फुटांवरची अक्षता

रंभाआत्या पडली, आणि तीही कोरड्या घरात पडली, यावर सुकापुरात आधी कुणाचा विश्वासच बसेना. बासष्ट वर्षांच्या आयुष्यातले पन्नासेक पावसाळे या बाईने गुडघाभर चिखलात काढलेले. डोक्यावर रोपांचा भारा, पायाखाली वीतभर रुंदीचा निसरडा बांध, आणि तरी ती कधी घसरली नव्हती. घसरली ती भावाने हौसेने बांधलेल्या नव्या बाथरूममध्ये, तोंड दिसेल इतक्या गुळगुळीत टाइल्सवर. त्यातही मुहूर्त असा साधला की, भाचीच्या लग्नाला मोजून नऊ दिवस उरले होते.

"चिखल मानसाला धरून ठेवतो गो," प्लॅस्टर घातलेला पाय उशीवर ठेवून ती भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगायची. "या मेल्या टाइल्सला मानसाची कदरच नाय."

भाची म्हणजे भाविका. भाऊ धनेशची एकुलती एक मुलगी. भाविकाची आई गेली तेव्हा पोर तीन वर्षांची होती, आणि तेव्हापासून तिची वेणी, तिचा डबा, तिचा ताप आणि तिचे रुसवे, सगळं रंभाआत्याने काढलं. आत्याचं स्वतःचं लग्न 'बघू, बघू' म्हणता राहूनच गेलं होतं. आधी आईचं आजारपण, मग धनेशचं लग्न, मग ही पोर. त्याचं दुःख करत बसायला तिला वेळ मिळाला नाही. खरं सांगायचं तर तिचा तो स्वभावही नव्हता. मात्र एका गोष्टीवर तिने वीस वर्षं डोळा ठेवला होता. त्यांच्या घरात रीत अशी की, लग्न लागताना घरातल्या थोरल्या बाईच्या हातची अक्षता नवरीच्या डोक्यावर पडली पाहिजे. तीही दुसऱ्याकडून पाठवलेली नव्हे, स्वतःच्या हाताने टाकलेली. आता घरातली थोरली बाई म्हणजे रंभाच. ती मूठ टाकण्यासाठी ती प्लॅस्टरच काय, अख्खा डॉक्टर पायाला बांधून आली असती.

लग्न पनवेलच्या एका मोठ्या लॉनवर होतं, संध्याकाळी गोरज मुहूर्तावर. माणसं तीन हजार. स्टेज पाच फूट उंच, त्यावर राजवाड्याचा देखावा आणि नवरा-नवरीच्या डोक्यावर झेंडूचं भलंमोठं झुंबर. स्टेजसमोर मान्यवरांसाठी सोफ्यांच्या चार रांगा, आणि सोफे आणि स्टेज यांच्यामध्ये फोटोवाल्यांचं लग्नाहून मोठं लग्न.

"मना वर कोन नेनार रं?" आत्याने धनेशला सकाळपासून सातव्यांदा विचारलं.

"आक्का, चार पोरं धाडतंय. खुर्चीसकट उचलून नेतील. तू कालजी नको करू."

धनेशचा शब्द खरा होता, फक्त ती चार पोरं वरातीत नाचत होती. आणि आपल्याकडे डीजेसमोरून पोरगा बाहेर काढणं म्हणजे मांजराच्या तोंडातून बोंबील काढणं! वरात दारात आली, नवरदेव प्रणित घोड्यावरून उतरला, भटजींनी घड्याळ पाहून घाई केली आणि माइकवर पहिल्या मंगलाष्टकाचा सूर लागला. आत्या अजून सोफ्यांच्या मागेच होती, चाकाच्या खुर्चीत, मांडीवर हळदी-कुंकवाच्या अक्षतांचा बटवा घेऊन.

तिच्या शेजारी बसले होते दीनानाथ सर. खारघरच्या ज्युनियर कॉलेजात त्यांनी भाविकाला फिजिक्स शिकवलं होतं, म्हणजे शिकवायचा प्रयत्न केला होता. पोरीला छत्तीस मार्क पडले होते, आणि त्यातले चार दयेचे होते, हे सर आजवर कुणाला बोलले नव्हते. सडसडीत अंगाचे, चष्म्याचे, अतिशय सभ्य गृहस्थ.

"सर, ढकला!" आत्या म्हणाली.

सरांनी ढकललं. खुर्ची ढिम्म हलेना. लॉनवर जाड हिरवा गालिचा अंथरलेला, त्यात पुढची लहान चाकं रुतून बसली होती.

"याचं असं असतं रंभाताई," सर धापा टाकत म्हणाले, "जागेवरून हलेपर्यंत घर्षण सगळ्यात जास्त. एकदा हललं की मग कमी होतं. म्हणजे सुरुवातीलाच..."

"सर, बोलू नका, ढकला!"

सरांनी दात-ओठ खाल्ले. खुर्ची सुटली, अगदी त्यांनी सांगितल्याप्रमाणे हातभर भुर्रकन गेली, आणि गालिच्याच्या घडीत जाऊन अशी अडकली की आता मागेही येईना. बाथरूममध्ये घर्षण नव्हतं म्हणून पाय मोडला, आणि इथे ते उतू जात होतं म्हणून वाट बंद! आत्याने गालिच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"शुभमंगल सावधान!" पहिलं संपलं. मंगलाष्टकं पाचच म्हणायची ठरली होती. राहिली चार.

"मी नेऊन टाकू का तुमच्या वतीने?" सरांनी विचारलं.

"ती काय पार्सल हाय?" आत्या कडाडली. "हितूनच टाकतंय."

तिने मूठ भरली, आणि दुसऱ्या 'सावधान'ला अंगातलं सगळं बळ लावून अक्षता भिरकावल्या. जोर असा की बांगड्या कोपरापर्यंत गेल्या. अक्षता मोठ्या तोऱ्यात निघाल्या, सात-आठ फुटांवर एकाएकी दमल्या आणि थेट मागच्या सोफ्यावर बसलेल्या एका नगरसेवकाच्या टकलावर उतरल्या. या साहेबांना वाटलं, आपलाच सत्कार! त्यांनी मागे न बघताच दोन्ही हात जोडले.

आत्याला हसू फुटलं आणि रडूही. "गेल्या कुठं मेल्या? एवढ्या जोरात मारल्या तरी?"

"जोराचा दोष नाही," सर म्हणाले, आणि त्यांचे डोळे वर्गात कधी चमकले नसतील तसे चमकले. "तांदळाचा एक दाणा म्हणजे वजन नाहीच. त्याला हवाच अडवते. तुम्ही जितक्या जोरात माराल तितकी ती जास्त अडवते. दगड गेला असता बघा."

"नवरीला दगड मारू?"

"नाही, नाही! पण हेच दाणे एकत्र बांधले तर? सगळ्यांचं वजन एक, आणि हवेला अडवायला अंग थोडं."

आत्याने सरांकडे पाहिलं. एवढी साधी गोष्ट सांगायला माणसाला कॉलेज लागतं, याचं तिला नवल वाटलं. "म्हनजे मूठ," ती म्हणाली. "रोपांची मूठ!"

लावणीच्या दिवसांत ती बांधावर उभी राहायची आणि रोपांच्या बांधलेल्या मुठी शेतात फेकायची. वाकलेल्या प्रत्येक बाईच्या हाताशी एक, आणि चिखलाचा शिंतोडा कुणाच्या लुगड्यावर नाही. सुटं रोप कधी लांब जातं का? चार खाचरं पलीकडे लावणीला वाकलेल्या मैत्रिणीला, कुमुदला, ती हाक मारून मूठ द्यायची, आणि कुमुद मान वर न करता ती उचलायची. त्या शेतावर आता सात मजली बिल्डिंग उभी होती, पण शेत गेलं म्हणून हाताला आलेलं जात नाही.

शेजारच्या टेबलावरून सरांनी कागदी नॅपकिन ओढला. आत्याने त्यात मूठभर अक्षता घातल्या आणि टोकं पिळून पुरचुंडी केली. तिसरं मंगलाष्टक संपत आलं होतं. तिने नेम धरला आणि ती सरळसोट मारली. पुरचुंडी सुसाट गेली, सोफे ओलांडले, आणि खाली झुकत झुकत फोटोवाल्याच्या पांढऱ्या छत्रीवर धप्पकन आदळली. छत्री कलंडली. फोटोवाल्याने आकाशाकडे बघितलं आणि ड्रोनवाल्याला शिवी घातली.

"आडवी फेकलीत, म्हणून लवकर खाली आली," सर टाचा उंचावून बघत म्हणाले. "फेकल्या क्षणापासून ती पडतच असते! तिला आधी वर पाठवा. वर जाईल, तोवर पुढेही जाईल. अर्ध्या काटकोनात, रंभाताई, अर्ध्या काटकोनात!"

"ते मना ठावं हाय वो! बसून फेकाची सवय नाय, त्याचं काय?"

आणि तिने बटव्यात हात घातला. एकच मूठ उरली होती. तिकडे चौथं मंगलाष्टक सुरू होऊन निम्मं झालंही होतं. आत्याने ती दुसऱ्या नॅपकिनात पिळून बांधली. इतकी वर्षं ही पोर शाळेतून आली की पहिली हाक 'आत्या' अशी मारायची, आणि आज तिच्या डोक्यावर तीन हजार लोकांच्या अक्षता पडणार, फक्त माझी नाही. छे! असं होऊच कसं देईन मी?

"सर, मना उभी करा."

"अहो, प्लॅस्टर!"

"एक पाय बरा हाय ना? धरा कोपराला. घट्ट धरा, लाजू नका!"

सर लाजले, पण त्यांनी धरलं. आत्याने बऱ्या पायातली चप्पल काढून टाकली, आणि बोटं गालिच्यात रोवली. ज्या गालिच्याला तिने आत्ताच शिव्या घातल्या होत्या, त्याने तिचा तळवा असा धरला जसा चिखलाने धरावा. आता जमीन पायाखाली होती. जमीन असली की रंभाला कुणाच्या बापाची भीती नव्हती.

"डोक्यावर नका मारू, पुरचुंडी लागेल तिला," सर घाईघाईने म्हणाले. "वर ते झुंबर आहे ना? त्यावर! कागद फाटेल, दाणे सुटे होतील, आणि मग हीच हवा त्यांना अलगद खाली आणेल!"

शेवटचं मंगलाष्टक चाललं होतं. अंतरपाटाच्या कडेतून भाविकाच्या मुंडावळ्या तेवढ्या दिसत होत्या. शेवटचा 'सावधान' उठला, अंतरपाट खाली आला, बँड वाजला, आणि तीन हजार मुठी एकदम सुटल्या. पहिल्या चार रांगा पिवळ्या झाल्या. पण स्टेजपर्यंत त्यातल्या शंभरेक मुठी पोचल्या असतील तर शपथ.

त्या गर्दीतून एकच पुरचुंडी वर चढली. सावकाश, अगदी बेफिकीर. नगरसेवकावरून, छत्रीवरून, ड्रोनच्या अंगाखालून. सर श्वास धरून ती कमान बघत होते. फळ्यावर तीस वर्षं काढली, पण खरी अशी आज पाहिली. पुरचुंडी वर जाऊन क्षणभर रेंगाळली, मग उतरायला लागली, आणि झेंडूच्या बरोब्बर मधोमध घुसली. नॅपकिन फाटला. मूठभर अक्षता आणि चार-दोन पाकळ्या भाविकाच्या डोक्यावर भुरभुरल्या.

"गेली! गेली!" दीनानाथ सर लहान पोरासारखे ओरडले. त्यांनी आत्याचा कोपर सोडून टाळ्या वाजवल्या, आणि ती डगमगताच पुन्हा धरला.

भाविकाने दचकून वर पाहिलं. मग समोर पाहिलं, सोफ्यांवरून, माणसांवरून, लांब. तिथे एका पायावर उभी असलेली आत्या दिसली, आणि हात अजून फेकल्यासारखाच वर. नवरीने हातातला हार तसाच प्रणितच्या खांद्यावर टाकला, भटजींच्या हातातला माइक ओढला आणि अख्ख्या लॉनला ऐकू जाईल असं ओरडली, "आत्या! पोचली गो, पोचली!"

तीन हजार माणसं मागे वळली. नगरसेवक सोफ्यावर गुडघे टेकून मागे फिरले. आपल्या टकलावरचा सत्कार कुठून आला होता हे त्यांना आत्ता कळलं. ते खदाखदा हसले, आणि मुठीत उरलेल्या अक्षता त्यांनी आत्यावर उधळल्या. मग शेजारणीने टाकल्या. मग मागच्या रांगेने, मग उजवीकडच्या, मग डावीकडच्या. ज्याच्या-ज्याच्या हातात चार दाणे होते, त्याने ते तिच्या दिशेने भिरकावले, आणि ती इतकी जवळ होती की कुणाचेही वाया गेले नाहीत.

बासष्ट वर्षं रंभाने दुसऱ्यांच्या डोक्यांवर अक्षता टाकल्या होत्या. आपल्या डोक्यावर पडल्या तर कशा लागतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. अगदी हलक्या लागतात. केसात, पापण्यांवर, पदरात, प्लॅस्टरच्या फटीत दाणे साचत होते. ती हसत होती, रडत होती, "पुरे गो बायांनो, पुरे" म्हणत होती, पण डोकं काही तिने बाजूला घेतलं नाही.