केळीची पत्रिका

सरांच्या हातात कुठलाही छापील कागद द्या, ते आधी तो वाचायचे नाहीत. उलटा करायचे, उजेडाला धरायचे, कोपरा दुमडायचे आणि विचारायचे, “मझार काय शे?” म्हणजे आत काय आहे. जळगावातला माझा छापखाना लग्नपत्रिकांवर चालतो. आत काय असणार? वर, वधू आणि भाऊबंदांची पलटण!

सर मूळचे शिंदखेड्याकडचे, पहूरच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटीने यायचे. पिशवीत कधी एरंडाचं पान, कधी कापसाचं बोंड. त्यावरून मुलांसाठी घड्या उघडून आत बघायचे कागद बनवायचे. बोंडाची घडी उघडली की आत सरकी दिसायची. चहा निवून जायचा, यांचं कातरकाम चालूच. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. मी चिडवायचो, “सर, पुस्तकात आकृती आहे की.”

“आकृती दिसते, भाऊ. उघडता कुठे येते?”

एक गोष्ट मात्र त्यांना टोचायची. “परीक्षा सरनी का बठ्ठा कागद चुलामा जास,” म्हणायचे. इतकं खपून केलेलं सगळं परीक्षा संपली की पोरं चुलीत घालतात, याचं त्यांना खरंच वाईट वाटे. निवृत्तीआधी घराघरात टिकेल असा एक तरी कागद त्यांना करायचा होता.

तो केळीचा करायचं ठरलं. बागेत वाढलेली पोरंसुद्धा केळीच्या बुंध्यालाच खोड म्हणतात. तो तर नुसता एकात एक गुंडाळलेल्या सोपटांचा, पानांच्याच खालच्या भागांचा. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. सरांनी सोपटांच्या झडपा केल्या. एकेक उघडत गेलं की शेवटी कोरी जागा आणि प्रश्न, ‘मग खोड कुठे आहे?’ साधा कागद घडीवर फाटायला लागला, म्हणून पत्रिकेचा कागद घेतला.

इथेच घोळ झाला. ऐन लग्नसराई. आमच्या ऑपरेटरने पत्रिकेच्याच फाइलवर केळ बसवली आणि माथ्यावरचा सोनेरी गणपती तसाच छापून आला. सगळ्या गठ्ठ्यावर! मी कपाळाला हात लावला. सरांनी एक प्रत उजेडाला धरली आणि हसत सुटले.

“नव्याने छापून देतो, सर.”

“राहू द्या. पोरं हसतील, आणि हसली म्हणजे उघडून पाहतील.”

पुढे सर निवृत्त होऊन गावी गेले. शनिवारी एसटीच्या वेळेला मी उगाच दाराकडे बघायचो.

गेल्या थंडीत पहूरला एका केळीवाल्या आबांकडे नातीच्या लग्नाच्या पत्रिका पोचवायला गेलो. ओसरीत खिळ्याला तार, तारेला जुन्या पत्रिका ओवलेल्या. त्यांच्यात ओळखीचा गणपती दिसला. ओढून पाहतो तर केळ! झडपा उघडून उघडून मऊ पडलेल्या.

“हा शाळेतला कागद इतकी वर्षं ठेवलात?”

“नातीचा हाये. त्याच्यावर गणपती हाये ना भाऊ, चुलीत कसा घालायचा?” आबा म्हणाले. “आल्यागेल्याले ती उघडून दाखवते. खोड कुठं ते इचारते. पाव्हणे फसतात!”

सरांना आत्ताच्या आत्ता सांगावं म्हणून मी खिशातून फोन काढला. नंबर अजून होता. सर दोन पावसाळ्यांपूर्वीच गेले होते.