शाळेआधीचं जावळ

मुलाला शाळेत घालायचं ठरलं की अख्ख्या गल्लीला शहाणपण सुचतं. डबा स्वतः उघडता आला पाहिजे, चड्डीचं बटण लावता आलं पाहिजे, लघवीला जायचंय हे बाईंना न लाजता सांगता आलं पाहिजे. दारावरून जाणारा प्रत्येक जण मला हे ऐकवत होता आणि मी आतल्या आत चिडत होतो. मी कचेरीतला कारकून. बायको जाऊन दोन वर्षं झालेली, घरात मी आणि मुलगा, दोघंच. काय शिकवायचं ते मला कळत होतं. ते शिकवायला लागणारा धीर मात्र कुठून आणायचा ते कुणी सांगत नव्हतं.

तरी उन्हाळाभर आम्ही नेटानं तयारी केली. संध्याकाळी मी घरी आलो की शाळा-शाळा खेळायचो. तो दप्तर पाठीला लावून अंगणातून आत यायचा, मी खुर्चीत बसून बाई व्हायचो. डब्याचं झाकण घट्ट होतं, ते काढताना त्याची जीभ बाहेर यायची. आधी पोहे सांडायचे, मग सांडेनासे झाले. डाव्या पायाचा बूट डाव्या पायात जायला लागला. मी कचेरीत गेलो की शेजारच्या काकूंकडे तो न रडता बसायला लागला. सगळं जमलं, फक्त त्याची वेणी राहिली.

लग्नानंतर बरीच वर्षं आम्हांला मूल नव्हतं. तेव्हा बायकोनं जोतिबाला नवस बोलला होता, की मूल झालं तर शाळेत घालायच्या आधी तुझ्या डोंगरावर जावळ काढीन, तोवर त्याच्या केसांना कात्री लावणार नाही. रोज सकाळी ती त्याला पुढ्यात घेऊन तेल लावायची, वेणी घालायची. ती गेल्यावर मी वेणी घालायला शिकलो, पण माझी वेणी दुपारपर्यंतही टिकायची नाही. शेवटी काकूंनी ते काम स्वतःकडे घेतलं. पोरगं त्यांच्यापुढं एक मिनिट स्थिर बसेना. एकदा वैतागून त्या म्हणाल्या, “गप बस की रं. आई वरनं बगत असती. येवढ्या पोरांत तुला कशावरनं वळखायचं तिनं? ह्या येणीवरनंच की!”

त्या दिवसापासून तो मुकाट्यानं बसायला लागला. काकूंच्या मनात काही वाईट नव्हतं. पोराच्या डोक्यातून कंगवा फिरावा म्हणून मोठी माणसं असं काहीबाही बोलतात आणि विसरून जातात. पोरं मात्र विसरत नाहीत.

मे महिन्यात मी जावळाचा विषय काढला. तो कपाटाआड जाऊन बसला आणि तिथूनच म्हणाला, “मग आई मला कशी ओळखणार?” “चल, जेवायला बस,” मी म्हणालो. आईचा विषय निघाला की मी एरवीही घाईघाईनं दुसरंच काहीतरी बोलायचो. खरं सांगायचं तर ते केस मलाही नको होते जायला. तिचा हात रोज फिरलेली घरात तेवढीच एक वस्तू उरली होती. पण नवसही तिचाच होता, आणि तो मोडणं म्हणजे तिचा शब्द खाली पाडणं.

त्यात आणखी एक अडचण. जावळ काढताना मूल मामाच्या मांडीवर बसतं. याचा मामा शाहूवाडीकडे भातशेती करतो. बहिणीच्या तेराव्यानंतर त्यानं आमच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. भांडण नव्हतं, काही नव्हतं. फोन केला की “येतो की” म्हणायचा आणि यायचा नाही.

मुलाला काकूंकडे ठेवून मी एका रविवारी त्याच्या शेतावर गेलो. भाताची पेरणी चालली होती. मला बघून तो म्हणाला, “या पावणं,” आणि पुन्हा कामाला लागला.

“दादा, जूनमध्ये शाळा आहे. जावळ काढायचंय. तुमच्या मांडीशिवाय होणार नाही.”

“तिच्या चुलत भावाला बशिवा की. त्यो बी मामाच हाय.”

“चुलत भावाकडे जायचं असतं तर इथपर्यंत आलो असतो का?”

माझा आवाज चढला तसा तो बांधावर बसला. मातीचे हात पुसत म्हणाला, “त्येच्याकडं बगवत न्हाय, दाजी. तिचंच त्वांड हाय त्ये.”

“मला रोज बघावं लागतं,” मी म्हणालो.

मला एवढं कडू बोलायचं नव्हतं. त्यानं उठून बियाण्याची पाटी उचलली. मग म्हणाला, “कवा यायचं सांगा.”

ठरल्या दिवशी तो भाच्याला नवे कपडे आणि टोपी घेऊन डोंगरावर आला. देवदर्शन झालं. नाभिकानं वस्तरा काढला तसा मुलगा माझ्या पायाला बिलगला, दोन्ही मुठींत वेणी घट्ट धरून. सगळ्यांसमोर त्यानं तोच प्रश्न विचारला, मोठ्यानं. राहू दे, चला घरी, असं मी म्हणायच्या बेतात होतो.

मामा त्याच्यासमोर उकिडवा बसला. “आई येणीवरनं वळखती, कुणी सांगितलं तुला?”

“काकूंनी.”

“काकूला काय ठावं? तिनं तुज्या आईला ल्हानपणी बगितली न्हाय, मी बगितलीया. तिचं जावळ बी साळंच्या आदी काडलं, हितंच. मी शेजारी हुबा हुतो. डोस्कं चकचकीत, कान ह्ये येवढं बाहीर, रडून रडून नाक लाल. तशीच गेली साळंत. तुजं क्यास काडलं की तू हुबेहूब तिच्यावाणी दिसशील. मग तुला न्हाय तर कुणाला वळखंल ती?”

मुलानं विचार केला. “कान पण?”

“कान बी.”

तो मुठी सोडून मामाच्या मांडीवर जाऊन बसला.

पहिली बट मामानं कापली. बाकीचं नाभिकानं केलं. केस कापडावर पडत गेले आणि मी उघड उघड रडलो. बायकोनं ही गोष्ट मला कधीच सांगितली नव्हती. माझ्या ओळखीची नसलेली ती लहान मुलगी मामाला ठाऊक होती, आणि क्षणभर मला त्याचा हेवा वाटला. सगळं डोकं मोकळं झालं, कुंकवानं त्यावर स्वस्तिक काढलं. कान खरोखरच बाहेर आले होते. मामानं भाच्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि पहिल्यांदाच डोळे भरून बघितलं.

शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकात बाई फुलं देत उभ्या होत्या. त्याच्या टोपीखालचं टक्कल बघून मागची दोन पोरं हसली. त्यानं टोपीच काढली आणि बाईंना विचारलं, “मी माझ्या आईसारखा दिसतो ना?”

बाईंनी तिला कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“दिसतोस,” मी म्हणालो. “अगदी तिच्यासारखा दिसतोस.”