पाहणीच्या दिवसाची दालमिल

“आठे पानी कोठे शे वं?” डाळ निवडायला बसलेल्या बाईने शेजारणीला विचारलं.

“माले काय माहीत, बहीन? मी बी आजच उनू. त्या सायबले जाऊ दे, मंग पिजो.”

दोघी पदराआड हसल्या. मी त्यांच्यापासून दोन हातांवर वही घेऊन उभी होते. पँट-शर्टातल्या मुलीला अहिराणी कळत असेल, ‘आजच उनू’ म्हणजे आजच आले हे समजत असेल, असं त्यांना वाटलं नसावं. मी धुळ्याला देवपुरात वाढले. शाळा इंग्रजी माध्यमाची होती, पण घरी भांड्याला येणाऱ्या मावशी अहिराणीतच बोलायच्या.

त्यांचे ‘सायेब’ पुढे यंत्राजवळ मालकांशी हिंदीत बोलत होते. ते मुंबईच्या एका फंडातले वरिष्ठ; मी त्यांना सर म्हणत होते. जळगाव एमआयडीसीतली ही दालमिल त्यांच्याकडे कर्ज मागत होती, आणि मी नोकरी.

त्याआधीची चार वर्षं मी मुंबईतल्या एका बँकेत, डेट कॅपिटल मार्केट्स विभागात काढली होती. मोठ्या कंपन्यांना पैसे उभे करायचे असले की त्यांचे रोखे आम्ही विमा कंपन्यांना, म्युच्युअल फंडांना विकून द्यायचो. मी स्लाइड्स करायचे, रेटिंगची पत्रं जोडायचे आणि फोनवर उत्साहाने बोलायचे. हे शेवटचं मला कधीच जमलं नाही. सकाळी बोली लागायची, संध्याकाळपर्यंत विषय संपलेला असायचा. ज्यांचे रोखे विकले त्यांपैकी एकाही कंपनीचं गेट मी पाहिलेलं नव्हतं.

मग विभाग लहान करायचं ठरलं आणि यादीत माझं नाव आलं. बँका आता ज्यांना दारात उभं करत नाहीत अशा मध्यम कारखान्यांना थेट कर्ज देणारे फंड असतात. या धंद्याला प्रायव्हेट क्रेडिट म्हणतात. तिथे कागद जास्त वाचावे लागतात आणि बोलावं कमी लागतं, असा माझा समज होता. मी अर्ज केले. उत्तरं साधारण एकसारखीच आली: तुम्ही विकलंय, तपासलेलं नाही. फक्त या फंडाने शेवटच्या फेरीपर्यंत नेलं. “तुम्ही तिकडच्याच ना? पाहणीला चला आमच्याबरोबर,” सर म्हणाले. “तुम्हाला काय दिसतं ते बघू.” माझ्या नोटिशीचे आठ दिवस उरले होते. घरी अजून सांगितलं नव्हतं.

“दोन पाळ्या चालतात, साहेब,” मालक सांगत होते. पांढरा सफारी, साठीच्या पुढचं वय. “माल पुरत नाही.”

पाणी कुठे आहे हेसुद्धा बायकांना माहीत नाही, हे ऐकल्यावर मला बाकीचं दिसायला लागलं. बायकांच्या चपला एका कोपऱ्यात नव्हत्या, जिने तिने आपापल्या जवळ घेतल्या होत्या. पोत्यांच्या थप्पीवरची धूळ फक्त समोरून झटकलेली होती. मागे टेम्पो उभा होता आणि त्याचा चालक फाळका पाडून आत झोपला होता. बायकांना घेऊन परत जायचं होतं त्याला. यंत्र मात्र खरंच चालत होतं, जोरात, आणि मालक मधूनमधून त्याच्याकडे असं बघत होते की मला नजर वळवावी लागली.

जेवण त्यांच्या केबिनमध्ये झालं. भरीत, कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा. सरांनी भरीत दोनदा मागून घेतलं. मालकांनी मला आडनाव विचारलं, मग वडील काय करतात ते विचारलं, आणि धुळ्याच्या कॉलेजात शिकवतात म्हटल्यावर एकदम हात जोडले.

“अरे, सरांची मुलगी! माझा भाचा त्यांच्याच हाताखाली शिकला. तीन वेळा नापास केला त्यांनी त्याला!” ते मोठ्याने हसले. “बरोबरच केलं. गधाच होता तो. आता सुरतेला मजेत आहे.”

मीही हसले.

निघताना सर फोनवर होते. मालक माझ्या बाजूच्या दारापर्यंत आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “बेटा, साहेबांना नीट सांग. तू घरची आहेस. हे झालं नाही तर माझ्याकडे दुसरं काही नाही.”

मी मान हलवली. त्यांनी तो होकार समजला, आणि मी समजू दिला.

गाडी महामार्गाला लागली. सगळं ठीक आहे म्हणावं, तर पैसे मिळतील. मिल वर्षभर अशीच माणसं आणून चालेल, आणि मग तारण ठेवलेली जागा आणि घर ताब्यात घ्यायला फंडाचा माणूस येईल. तो माणूस कदाचित मीच असेन. खरं सांगावं, तर आजच सगळं संपेल, आणि ते संपवल्याबद्दल मला नोकरी लागेल. रात्रीपर्यंत देवपुरात कळेल, सरांच्या मुलीने काय केलं. बाबा चष्मा पुसत बसतील. जुन्या नोकरीत निदान मला काही माहीत नसायचं. तिसरा रस्ता मी पाळधी गाव येईपर्यंत शोधत राहिले. तो नव्हता.

“सो?” सरांनी फोन खिशात ठेवला. “काय दिसलं तुम्हाला?”

त्यांचा आवाज अगदी सहज होता. त्यांना आधीच माहीत आहे की काय, हे मला कळेना. मी वही उघडली. पानावर तारखेखाली काहीच लिहिलेलं नव्हतं.

“सर,” मी म्हटलं, “मिल बंद आहे. आज फक्त आपल्यासाठी चालू केली होती.”