डोळ्यांसाठी राखलेला दात

माझी थोरली बहीण चोरून पेढे खाते, असं मी चारचौघांत बोललो. ते खोटं होतं. हुबळीच्या दाजीबानपेठेतल्या आमच्या कापडाच्या दुकानात खंडेनवमीची पूजा नुकतीच आटोपली होती. बायको होती, मेहुणा होता, दुकानातली चार माणसं होती. प्रसादाचं ताट अक्कापुढे आलं तसं मी ते मधेच अडवलं आणि म्हणालो, "हिला नको. ही घरी डबा रिकामा करतेच आहे. उगाच नाही साखर चढत." मेहुणा हसला. अक्काने पुढे केलेला हात मागे घेतला आणि पदराखाली ठेवला.

नवरा गेल्यापासून अक्का धारवाडला, आमच्या केलगेरीच्या घरी राहते. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. आधी वर्तमानपत्र सुटलं, मग तांदूळ निवडणं सुटलं. साखर खाली आल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. दोनदा तारीख ठरली आणि दोनदा साखरेमुळे पुढे गेली. अक्का भाकरीसुद्धा मोजून खायची. तरी रिपोर्ट हातात आला की मी तिच्याकडे संशयाने बघायचो.

तिची वरची एक दाढ हलत होती. हिरड्या सुजलेल्या, ब्रश लावला की रक्त. धारवाडच्या दाताच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की ही काढा आणि बाकीच्या हिरड्या साफ करून घ्या. मी अक्काला तशीच घरी आणली. वरचा दात काढला की नजर जाते, हे आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं. वडिलांनी, आमच्या अप्पांनी, तेच सांगून स्वतःची किडलेली दाढ शेवटपर्यंत सांभाळली होती. "आधी डोळ्याचं होऊ दे, मग दाताचं बघू," असं मीच म्हणालो. पदवीधर माणूस मी, आणि एकदाही कुणाला विचारलं नाही, की दाताचा आणि नजरेचा संबंध काय.

अक्का लवंग दाबून एका बाजूने चावत राहिली. तिच्या तोंडाला वास यायला लागला, तो आम्हा सगळ्यांना कळत होता. हुबळीला जाताना ती गाडीत शेजारी बसली की मी काच खाली करायचो. वास येतो म्हणजे आत काहीतरी सडतंय, एवढं साधं मला सुचू नये याचा आज संताप येतो.

संताप फक्त माझा नाही येत. अक्काची फाईल जाडजूड होती. साखरेच्या डॉक्टरांनी तिचे पाय तपासले, मूत्रपिंड तपासलं, छातीचा आलेख काढला. तोंड उघडा, असं वर्षभरात एकदाही म्हणाले नाहीत. तोंड काय शरीराच्या बाहेर असतं? आणि आपल्या घरांतून दातदुखीला आजार कोण म्हणतं? बाईचा दात ठणकत असेल तर ती एक हात गालावर ठेवून दुसऱ्या हाताने भाकरी थापते, आणि आपण ती भाकरी खातो.

दसऱ्यानंतर आम्ही तिसऱ्यांदा डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई अक्काच्या डोळ्यात बॅटरी मारायला वाकल्या आणि थांबल्या.

"बायी तगीरि, अक्का," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. अक्काने तोंड उघडलं. त्यांनी बॅटरी आत धरली आणि माझ्याकडे वळल्या. "ही दाढ का ठेवलीय?"

"डोळ्यांसाठी," मी म्हणालो. "वरची आहे ना."

"कुणी सांगितलं?"

अक्का हळूच म्हणाली, "आमचा हा धाकटा, तम्मा, फार शिकलाय, बाई."

"अहो, हिरडीत पू साठवून साखर उतरेल कशी?" बाई म्हणाल्या. "आणि तोंडात हा जंतूंचा साठा असताना मी डोळ्याला हात लावू? आधी हे साफ करून या."

दाढ निघाली. हिरड्या साफ करायला चार खेपा झाल्या. दाताच्या डॉक्टरांनी मला समजावलं, की हिरड्यांची सूज साखर चढवते आणि चढलेली साखर हिरड्या आणखी बिघडवते. तीन महिन्यांत अक्काची साखर उतरली. गोळ्या त्याच, भाकरी तेवढीच. म्हणजे तिने कधीच काही चोरून खाल्लं नव्हतं.

एका डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी निघाल्यावर चार दिवसांनी ती स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली होती. मी शेजारी बसून हळू आवाजात म्हणालो, "अक्का, पेढ्यांवरून बोललो ते चुकलं."

तिने मान वर केली नाही. "दुकानात ओरडून बोललास, तम्मा. इथे लसणाला कशाला सांगतोस?"

पुढच्या अमावास्येच्या पूजेला मी तिला दुकानात घेऊन गेलो. मेहुण्याला मुद्दाम बोलावलं होतं. आरती झाल्यावर सगळ्यांना थांबवलं. मी म्हणालो, "खंडेनवमीला मी अक्काला चोर ठरवलं. तिने काही खाल्लं नव्हतं. तिची दाढ सडली होती आणि ती मी काढू दिली नाही. तिची साखर माझ्यामुळे चढली, तिचं ऑपरेशन माझ्यामुळे अडलं. अक्का, मला माफ कर." आणि सगळ्यांसमोर वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं.